पहिल्या धडकेचा गडी

रविवारी दुपारी तीनला थॉर्नशॉच्या मैदानावर शिट्टी वाजायची आणि चेंडू उंच आभाळात जायचा. तो वर जाऊन खाली येईपर्यंत चार श्वासांचा वेळ लागायचा. तेवढा वेळ प्रज्ञेश रामटेकेचा होता. नऊ वर्षं होता. भोवतालची चार हजार माणसं गप्प व्हायची, इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या टेकड्यांवरून ढग मेंढरांसारखे रमतगमत चालत राहायचे, आणि तो आपल्या बाजूच्या टोकाला मान वर करून उभा असायचा, झाडावरून सुटलेलं फळ ओंजळीत घ्यायला थांबावं तसा. मग चेंडू छातीशी यायचा आणि तो धावत सुटायचा. समोरून तीन गडी यायचे, एकेक शंभर किलोच्या वरचा. त्यांच्यात जाऊन आदळायचं, पडायचं, उठायचं, चेंडू टाचेनं मागच्याकडे सारायचा. सामन्यातली पहिली धडक ती.

रग्बी लीग हा तेरा-तेरा गड्यांचा खेळ. चेंडू काखोटीला मारून पुढे घुसायचं. पाच वेळा आडवं होऊ देतात, सहाव्याला चेंडू समोरच्याचा. गुण मिळवणारी पोरं कडेनं पळतात, चपळ असतात, त्यांचे फोटो छापून येतात. पुढच्या फळीतल्या गड्याचं काम नांगरटीचं. त्यानं आधी जमीन फोडायची, मग इतरांनी पेरायचं. नऊ वर्षांत प्रज्ञेशनं रेघेपलीकडे चेंडू टेकवला तो अवघा अकरा वेळा. पण गावातल्या म्हाताऱ्यांना विचारलं असतं, तर ते म्हणाले असते, बाकीचे खेळतात, प्रॅग वाट करतो. प्रज्ञेश हे नाव त्यांच्या तोंडात बसत नव्हतं, म्हणून प्रॅग.

त्याचे बाबा सुखदेव काटोलकडचे. तरुणपणी संत्र्यांच्या बागा राखल्या आणि कबड्डीत तालुका गाजवला. आई भावना नागपुरात नर्सिंग शिकली. तिला वेकफील्डच्या इस्पितळात नोकरी लागली तेव्हा प्रज्ञेश चार वर्षांचा होता. बिऱ्हाड थॉर्नशॉला आलं, आणि सुखदेवना काम मिळालं ते रुबार्बच्या शेतात. अळूसारखी थोराड पानं, लालचुटूक आंबट देठ, असं हे पीक. हिवाळ्यात त्याचे कंद लांबलचक काळोख्या छपरीत आणून ठेवतात, उजेडाचा कवडसा लागू देत नाहीत, आणि मेणबत्तीच्या उजेडात देठ उपटतात. त्या काळोखात पीक वाढताना ऐकू येतं. कोंबाचं टोपण फुटतं आणि टक् होतं, मग दूर कुठेतरी दुसरं टक्. पंचवीस हिवाळे सुखदेवनी तो आवाज ऐकला. गावी फोन लावून सांगायचे, "आमच्या इकडं पीक बोलते, बाप्पा." गावाकडचे हसायचे.

पोराचा खेळ त्यांना कबड्डीतूनच कळला होता. चढाई आणि पकड, दुसरं काय? इथं गडी दम धरत नाही, चेंडू धरतो, एवढाच फरक. प्रत्येक रविवारी ते त्याच खुर्चीवर येऊन बसायचे आणि पहिल्या धडकेला उभे राहून ओरडायचे, "मागं पाहू नको!" शेजारचे गोरे म्हातारेही आता तेच ओरडायचे, आपल्या जिभेला जमेल तसं.

ह्या खेळात एक रीत आहे. एकाच क्लबाकडून दहा वर्षं खेळलेल्या गड्याच्या नावानं एक सामना होतो. त्या दिवशी तो घरच्या माणसांचा हात धरून मैदानात उतरतो आणि अख्खं गाव उभं राहतं. प्रज्ञेशचं हे दहावं वर्ष. सप्टेंबरपर्यंत टिकलं, की झालं. सुखदेवनी काटोलपासून नागपूरपर्यंत सगळ्यांना कळवून टाकलं होतं. रामटेके घराण्यातला माणूस, आणि परक्या मुलखातलं गाव त्याच्यासाठी उभं राहणार! बोलता बोलता ते मध्येच उगाच रुबार्बविषयी बोलायला लागायचे.

टिकायचं कसं, हे प्रज्ञेशला त्याच्याच फळीतल्या होलरॉइडनं फार पूर्वी शिकवलं होतं. दर जानेवारीत क्लबाची डॉक्टर प्रत्येक गड्याची परीक्षा घेते. दहा शब्द सांगते, थोड्या वेळानं विचारते. महिने उलटे म्हणायला लावते. एका पायावर उभं करते. ते सगळं टिपून ठेवते. पुढे सामन्यात डोक्याला मार बसला, की गड्याला आत नेऊन तेच विचारतात, आणि जानेवारीच्या कागदाशी ताडून बघतात. जुळलं तर परत मैदानात. नाही जुळलं तर बाहेर.

"मग जानेवारीत हुशारी दाखवायची कशाला?" होलरॉइड म्हणाला होता. "तुला दहाच्या दहा आठवतात ना? चार सांग. डोकं खाजव. मे महिना विसर. मार्चमध्ये तुझं डोकं भुसा झालेलं असेल तेव्हा मला दुवा देशील."

"आणि सगळे असंच करतात?"

"पुढच्या फळीतले करतात. कडेनं पळणाऱ्यांना काय, त्यांना विसरायलाही आधी कुणीतरी हात लावावा लागतो."

नऊ जानेवाऱ्या प्रज्ञेशनं डोकं खाजवून चार शब्द सांगितले. दहाव्यालाही.

मार असा एकदाच बसत नाही. तो मुरतो. आदळलं की आधी आवाज जायचा. चार हजार माणसांची तोंडं उघडीच असायची, पण कुणी जणू त्यांच्यावर दुलई टाकलेली. गवत जवळ यायचं, एकेक पातं वेगळं दिसायचं, पात्यावरचा थेंबही. मग एक पांढरी शांतता पसरायची, काल्डर नदीवरून धुकं वर येतं तशी, आणि त्या धुक्यात त्याला कुठलंच ओझं नसायचं. पूर्वी ती दोन क्षण टिकायची. मग पाच. ह्या वर्षी ती मैदानाबाहेर त्याच्या मागे मागे यायला लागली. किटली उकळून गार व्हायची आणि तो तिच्यापुढे उभाच. गाडी क्लबाच्या दारात लावून, वायपर चालू ठेवून, काचेवरचं पाणी डावीकडून उजवीकडे जाताना बघत बसायचा. दुपारी सोफ्यावर टेकला, की खिडकीत संध्याकाळ उभी असायची. त्याला हे गोड वाटत होतं. भ्यायला हवं होतं. पण भ्यायला माणूस जागा असावा लागतो.

मार्चमध्ये एका सामन्यात पहिल्याच धडकेला समोरच्याचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. त्याला आत नेलं. डॉक्टर व्हिटेकर शांत बाई, तिनं दहा शब्द सांगितले आणि नंतर विचारले. त्यानं चार सांगितले. तिनं जानेवारीचा कागद बघितला. चार. पाव तासानं तो पुन्हा मैदानात होता आणि सुखदेव खुर्चीवर उभे राहून ओरडत होते.

एप्रिलमध्ये लीड्सच्या एका हॉलमध्ये बाबासाहेबांची जयंती होती. लंडनजवळच्या हाउन्सलोहून एक बस भरून लोक आले होते, ब्रिस्टलहून विमानांच्या कारखान्यातली तीन-चार इंजिनियर कुटुंबं. दुपारचं पिवळं ऊन उंच खिडक्यांतून तिरपं उतरून खुर्च्यांवर पडलं होतं. प्रज्ञेश दारातून शिरला तर बायकांनी त्याला घेरलंच.

"जय भीम, पैलवान! दरवाजा पुरतो ना रे तुला?"

"भावनाताई, ह्याला खायला काय घालता हो? आणि लग्नाचं काय? माझी पिनरला राहणारी भाची आहे, अन्वी. फायनान्समध्ये आहे."

"मावशी, सीझन संपू दे ना," प्रज्ञेश म्हणाला. त्याचं मराठी इकडच्या पोरांचं. "सप्टेंबरनंतर तुझा भाची, तू म्हणशील ते."

"माझी भाची, गाढवा!"

हशा झाला. हाउन्सलोच्या गयाबाई सगळ्यांत थोर, ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी मेणबत्ती लावली आणि म्हणाल्या, "ह्या वर्षी पंचशील आपल्या ह्या पोरानं द्यावं. सगळा देश ह्याला बघतो, आपण ऐकू तरी."

रीत अशी, की पुढच्यानं एक ओळ म्हणायची आणि मागून सगळ्यांनी तीच म्हणायची. प्रज्ञेशला पाची शीलं चार वर्षांचा असल्यापासून येत होती, काटोलच्या विहारात आजोबांच्या मांडीवर बसून शिकलेली. त्यानं हात जोडले, डोळे मिटले. पहिलं शील म्हटलं, सभागृहानं म्हटलं. दुसरं, चोरी न करण्याचं, म्हटलं, सभागृहानं म्हटलं. ऐंशी-नव्वद माणसांचा आवाज एका लयीत वर चढत होता आणि खाली येत होता, आणि मिटल्या डोळ्यांमागे ते पांढरं धुकं मऊ पावलांनी आलं. प्रज्ञेशनं दुसरं शील पुन्हा म्हटलं. लोकांनी म्हटलं. त्यानं तेच तिसऱ्यांदा म्हटलं. मागचा सूर क्षणभर लटपटला, मग सावरला आणि सगळ्यांनी तेच म्हटलं. त्यानंतर तिसरं, चौथं, पाचवं नीट झालं. साधु, साधु, साधु. प्रज्ञेश डोळे उघडून प्रसन्न चेहऱ्यानं खाली उतरला. त्याला काहीच कळलं नव्हतं.

"छान दिलंस हो," गयाबाई त्याच्या दंडावर थाप मारत म्हणाल्या. "दुसरं मात्र आमच्याकडून पक्कं करून घेतलंस."

त्यानं हसून मान डोलावली.

जेवणं झाल्यावर भावना हॉलच्या किचनमध्ये कप धूत होत्या. तो फडकं घेऊन शेजारी उभा राहिला. इस्पितळात त्यांची सत्तावीस वर्षं मेंदूच्या वॉर्डात गेली होती. त्यांनी नळाखालचा हात काढला नाही, मानही वर केली नाही.

"प्रज्ञेश, महिने उलटे म्हण बरं."

"आई, तू पण?" तो हसला.

"म्हण."

"डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर, सप्टेंबर, ऑगस्ट..." तो थांबला. खिडकीबाहेर गाडीच्या टपावर एक कबुतर चालत होतं. "ऑक्टोबर," तो म्हणाला.

भावनांनी कप खाली ठेवला. "क्लबात विचारतात ना तुला हे?"

"विचारतात. ते ठीक आहे, आई. जानेवारीत आम्ही सगळे मुद्दाम..." आणि त्यानं होलरॉइडची युक्ती सांगून टाकली. चोरी सांगावी तशी नाही. घरातली एखादी गंमत सांगावी तशी.

"जानेवारीत किती शब्द सांगितलेस?"

"चार. मुद्दाम."

"आणि मार्चमध्ये, तो गुडघा लागला तेव्हा?"

"चार."

"तेही मुद्दाम?"

नळ वाहत होता. प्रज्ञेश फडक्यानं तोच कप पुसत राहिला. मार्चमध्ये त्यानं जीव तोडून आठवायचा प्रयत्न केला होता. पाचवा शब्द ओठांवर यायचा आणि ढगासारखा विरायचा. ज्या खोट्या माणसाचं सोंग तो दर जानेवारीत आणत होता, तोच माणूस होऊन मार्चमध्ये तो त्या खुर्चीत बसला होता, आणि हे त्याच्या आत्ता ध्यानात येत होतं, इथं, साबणाच्या वासात.

"मी तुझ्या डॉक्टरला फोन करणार नाही," भावना म्हणाल्या. "एकतीस वर्षांचा आहेस. तू सांगायचं. मंगळवारी."

"आणि दहावा वर्ष?"

त्यांनी नळ बंद केला.

"बाबांना मी सांगेन," तो म्हणाला. "तू नको."

मंगळवारी तो डॉक्टर व्हिटेकरच्या खोलीत गेला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "तुमच्याकडचा माझा जानेवारीचा कागद खोटा आहे. दहाही वर्षांचे." बाईनं पेन खाली ठेवलं. तिनं नवे शब्द काढले, आणि ह्या खेपेला त्यानं काहीच लपवलं नाही, काहीच चोरलं नाही. तीन आठवले. एका पायावर उभा राहिला तर भिंत हळूच त्याच्याकडे झुकली. बाई बराच वेळ लिहीत होती. मग म्हणाली, स्पेशालिस्टकडे पाठवते, स्कॅन होईल, ते काय म्हणतील ते म्हणतील. पण ह्या वर्षी तर तू मैदानात जाणार नाहीस. "आणि मला विचारशील, प्रॅग, तर कधीच नाही."

"बरं," तो म्हणाला.

"ही युक्ती शिकवली कुणी?"

"नाव सांगणार नाही. पण पुढच्या फळीतल्या सगळ्यांचे कागद पुन्हा करा."

तिनं गाडीची किल्ली मागितली. त्यानं ती टेबलावर ठेवली आणि चालत निघाला.

रुबार्बची शेतं गावापासून दोन मैलांवर. छपरीतला हंगाम मार्चमध्येच संपला होता. आता उघड्यावरचं पीक चाललं होतं. हिरव्या पानांची छत्र्यांसारखी दाटी, आणि त्यात सुखदेव वाकलेले. देठ कापत नाहीत, बुडाशी धरून पीळ देऊन ओढतात. त्यांचा हात न बघताच ते करत होता. ऊन निवलं होतं, मातीवरून वाफ उठत होती.

"काहून रे?" त्याला पाहून ते म्हणाले. "आज प्रॅक्टिस नाही?"

"बाबा, मी आता खेळणार नाही."

"रविवारी?"

"कधीच. माझा डोकं... डॉक्टरनं स्टॉप केलं. मीच सांगितलं तिला. जानेवारीत मी खोटं सांगत होतो."

सुखदेव वाकलेच राहिले. एक देठ ओढला, पान मुरगाळून टाकलं, देठ खोक्यात ठेवला. दुसरा ओढला. तिसऱ्याला हात घातला आणि तो तसाच धरून राहिले. प्रज्ञेश वाट बघत होता. ह्या माणसाचं वय झालेलं त्यानं आजवर पाहिलं नव्हतं. पाठ सरळ करताना त्यांना खोक्याचा आधार घ्यावा लागला, ते त्यानं पाहिलं.

"मले समजलं होतं," ते म्हणाले.

"काय समजलं होतं?"

"हॉलात. दुसरं शील तू दोनदा म्हटलं, तवा वाटलं, चुकला असन. तिसऱ्यांदा म्हटलं, तवा समजलं. लोक अडखळून राहिले होते. मी जोरात म्हटलं. माझ्या आवाजामागं सारे आले." त्यांनी हाताची माती पँटीला पुसली, पुन्हा पुसली. "कोणाले समजू नये म्हणून म्हटलं. सप्टेंबरपर्यंत तरी."

प्रज्ञेश त्यांच्याकडे बघत होता.

"मी तीनदा म्हटलं?"

सुखदेवनी मान वर केली. पोराच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखं कुतूहल होतं, निखळ, आणि ते पाहून त्यांचं तोंड वाकडं झालं.

"तुले ते बी माहीत नाही?"

"नाही."

सुखदेव खोक्यावर बसले. भरलेल्या खोक्यावर, देठांवरच, जे त्यांनी पंचवीस वर्षांत कधी केलं नव्हतं. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि मातीकडे पाहत म्हणाले, "मी तुह्या आईपासून लपवलं. तुह्यापासून लपवलं. ते एक दिवसाचं उभं राहणं मले पाहिजे होतं रे. तुले नाही, मले."

"मला पण पाहिजे होता, बाबा."

"तुह्या आईले पाहिजे नव्हतं."

"आईला कधीच नाही. ती मॅचला येते आणि डोळे बंद करून बसते."

"डोळे बंद करून?"

"तुम्ही खुर्चीवर उभे असता. तुम्हाला कसं दिसणार?"

सुखदेव हसले असं वाटलं. पण ते हसणं मध्येच फुटलं, आणि त्यांनी मळक्या हातांनीच तोंड झाकलं. प्रज्ञेश त्यांच्यापुढे मातीत बसला. धुकं आलं होतं का? आलं होतं, डोळ्यांच्या कडेला उभं होतं, गोड, बोलावणारं. ह्या वेळी तो त्याच्याकडे गेला नाही. बापाच्या बोटांच्या पेरांमधली लाल माती बघत राहिला, एकेक पेर. बऱ्याच वेळानं सुखदेव उठले, पानांची रांग अर्धी सोडून मुकादमाला हात केला, आणि म्हणाले, "चाल. आज बस झालं."

शेताच्या कोपऱ्यावर बसचा थांबा होता. चार वाजताची बस वीस मिनिटं उशिरानं आली. ड्रायव्हर बाई थॉर्नशॉचीच, इकडच्या रीतीनं भेटेल त्याला 'लव्ह' म्हणणारी, गळ्यात क्लबाचा निळा-पांढरा मफलर.

"प्रॅग, लव्ह! गाडी कुठाय तुझी? रविवारी येतेय मी, नातवालाही आणतेय. पहिली धडक जोरात हाण हं."

सुखदेवनी सवयीनं तोंड उघडलं. उघडलं आणि मिटलं. पोराकडे पाहिलं.

"रविवारी मी नाही," प्रज्ञेश म्हणाला. "माझं संपलं. डोक्याला लागलंय."

बाई त्याच्याकडे बघत राहिली. तिचा हात दाराच्या बटणावर होता, पण तिनं ते दाबलं नाही. मागे एका गाडीनं हॉर्न दिला. बसमध्ये सात-आठ माणसं होती, बाजाराच्या पिशव्या घेतलेली, आणि त्यांनी ऐकलं होतं. मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"बस, लव्ह," शेवटी ती म्हणाली. "बसून घे आधी. मग निघते."

सुखदेवनी त्याला खिडकीशी बसवलं आणि स्वतः कडेला बसले. ते दोघे टेकल्यावरच बस हलली.